आवाहन : शरीराचा सातबारा मागून घ्या

नगर जिल्ह्यातल्या माझ्या बहिणींनो, वहिनींनो, आणि त्यांच्यासोबत दवाखान्याच्या बाकावर तासन्‌तास बसणाऱ्या दादांनो,

आज रात्री जेवणं उरकली की घरातली कागदांची पिशवी खाली काढा. ती प्रत्येक घरात असते. सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, सोसायटीच्या पावत्या, पोरांचे दाखले, सगळं तिच्यातच. तुमच्या, तुमच्या आईच्या किंवा बहिणीच्या छातीत इम्प्लांट बसवलेलं असेल, मग ते कॅन्सरनंतर असो की हौसेनं, तर त्या पिशवीत एटीएम कार्डाएवढं एक कार्ड किंवा फाईलमध्ये डकवलेलं एक स्टिकर आहे का, ते पाहा. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, लॉट नंबर, सीरियल नंबर असायला हवा. सापडलं, तर त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. नाही सापडलं, तर याच आठवड्यात, जिथं ऑपरेशन झालं तिथं लेखी अर्ज करा.

एवढी घाई कशासाठी, ते सांगते.

माझ्या मोठ्या जाऊबाई नेवासे तालुक्यात राहतात. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या छातीत गाठ निघाली. छाती काढावी लागली आणि त्याच ऑपरेशनात सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. केमो झाली, केस गेले, पुन्हा आले, आणि बाई परत गायांच्या धारा काढायला लागली. गेल्या वर्षी त्या बाजूला एकाएकी सूज आली. दुखत नव्हतं, म्हणून त्यांनी पंधरा दिवस अंगावर काढलं. नगरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तपासणी लगेच सुरू केली, पण सोबत एक प्रश्न विचारला : "इम्प्लांट कोणत्या कंपनीचं? गुळगुळीत की खरबरीत?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आमच्या घरात पाइपलाइनची वीस वर्षांपूर्वीची पावती आहे, विकलेल्या बैलजोडीचा कागद आहे. बाईच्या शरीरात काय बसवलंय, त्याचा मात्र कागद नव्हता. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात पाच चकरा मारल्या. कधी साहेब नाहीत, कधी जुनं रेकॉर्ड गोडाऊनला. महिनाभरानं ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरात डकवलेलं एक पिवळं पडलेलं स्टिकर सापडलं. सुदैवानं आतलं पाणी साधं निघालं, जाऊबाई बऱ्या आहेत. पण तो महिना आम्ही कसा काढला, ते आमचं आम्हाला ठाऊक. दुसऱ्या कुणावर तो येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

तो प्रश्न का विचारला गेला

इम्प्लांटचं बाहेरचं कवच सिलिकॉनचं असतं. आत सिलिकॉनचा घट्ट जेल तरी असतो, नाहीतर मिठाचं पाणी, म्हणजे सलाईन. कवचाच्या दोन तऱ्हा असतात : एक गोटीसारखं गुळगुळीत, दुसरं हाताला खरबरीत लागणारं. खरबरीत कवच मांसाला धरून राहतं, जागचं सरकत नाही, म्हणून डॉक्टर ते वापरत. पुढं असं दिसून आलं, की शरीर इम्प्लांटभोवती जो पापुद्रा तयार करतं, त्या पापुद्र्यात काही थोड्या बायकांना लिम्फोमा होतो. हा स्तनाचा कॅन्सर नव्हे, पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर आहे. आणि तो मुख्यतः खरबरीत इम्प्लांटच्या बायकांमध्ये आढळला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, २०११ साली त्याबद्दल पहिली सूचना काढली. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची वेगळा आजार म्हणून नोंद घेतली. एप्रिल २०१९ मध्ये फ्रान्सनं जास्त खरबरीत इम्प्लांटवर बंदी घातली. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीनं 'बायोसेल' कवचाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. तोपर्यंत एफडीएकडे या आजाराच्या ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद झाली होती. त्या ५७३ पैकी ४८१ जणींना ॲलर्गनचंच इम्प्लांट बसवलेलं होतं.

हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. जगात लाखो बायकांच्या छातीत इम्प्लांट आहे, त्या मानानं हा आजार विरळाच. काहीही त्रास नसेल तर केवळ भीतीपोटी इम्प्लांट काढू नका, हे एफडीएनंही त्याच वेळी सांगितलं. लवकर लक्षात आला, तर इम्प्लांट आणि भोवतीचा पापुद्रा काढून बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. घाईचं कारण वेगळं आहे. हा आजार बहुतेकदा ऑपरेशननंतर आठ-दहा वर्षांनी डोकं वर काढतो. ज्यांनी २०१९ च्या आधीच्या वर्षांत इम्प्लांट बसवून घेतलं, त्यांची ती वर्षं आत्ता चालू आहेत. आपली बाई ऑपरेशनला पुण्याला जाते, नाशिकला जाते, मुंबईला जाते. कुणी नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशात होती तेव्हा तिकडंच करून आली. खोक्यावर कुणाचं नाव होतं, हे त्यातल्या किती जणींना सांगता येईल?

कंपनी माल परत मागवते, माणूस शोधत नाही

हे फक्त छातीच्या बाबतीत घडलं असंही नाही. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा होता. तो ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात त्याची सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं याबाबत पोलिसांकडे तक्रारही नोंदवली. पुढं केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीनं हिशेब मांडला, तेव्हा जेमतेम १,०८० रुग्णांचा पत्ता लागलेला होता. बाकीचे साडेतीन हजारांहून जास्त लोक तो सांधा घेऊन कुठं चालत होते, हे ना कंपनीला सांगता आलं, ना सरकारला. दुकानातला माल परत जातो. शरीरात गेलेल्या मालामागं कुणी येत नाही.

फ्रान्समध्ये 'पीआयपी' नावाची कंपनी वर्षानुवर्षं इम्प्लांटमध्ये कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरत होती. २०१० मध्ये ते उघडकीला आलं, कंपनी बंद पडली आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिच्या मालकाला चार वर्षांची कैद झाली. फ्रेंच सरकारनं ती इम्प्लांट सरकारी खर्चानं काढून द्यायची सोय केली. पण आपलं इम्प्लांट पीआयपीचं आहे, हे जिला दाखवता येत होतं, तिलाच त्या सोयीचा उपयोग होता.

आपल्याकडं एक अडचण आणखी आहे. भरती झालेल्या रुग्णाचं रेकॉर्ड डॉक्टरांनी तीन वर्षं जपून ठेवावं, एवढाच वैद्यक परिषदेचा नियम आहे. आजार येतो आठ-दहा वर्षांनी, आणि कागद रद्दीत जाऊ शकतो चौथ्या वर्षी. म्हणून कागद हॉस्पिटलच्या भरवशावर सोडू नका, स्वतःच्या पिशवीत आणा. जमिनीत काय पीक आहे, कुणाचा बोजा आहे, हे सातबारा सांगतो. शरीरात काय बसलंय, ते हे कार्ड सांगतं. तलाठ्याकडं दहा चकरा मारायला आपण मागेपुढे पाहत नाही, मग याच्यासाठी का पाहावं?

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय, त्यांच्यासाठी

भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्यानं झाल्याचा जागतिक अंदाज आहे. गाठ निघाली की घर हादरतं. 'काय करायचं ते करा, पण बाई वाचवा', एवढंच तोंडून निघतं, आणि पुढं केलेल्या कागदावर सही होते. त्या सहीच्या आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. गाठ थांबत नाही, पण आकार थांबू शकतो. कॅन्सरचा इलाज वेळेवरच व्हायला हवा. छाती पुन्हा घडवायची की नाही, हे मात्र त्याच आठवड्यात ठरवायला लागत नाही. ते काही महिन्यांनी, काही वर्षांनीही करता येतं.

पहिलं विचारा : संपूर्ण छाती काढायलाच हवी का? इटलीतल्या मिलान शहरात डॉ. उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी लहान गाठी असलेल्या बायकांवर केलेल्या अभ्यासाचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढून वर रेडिएशन दिलेल्या बायका, छाती काढलेल्या बायकांइतक्याच जगल्या. प्रत्येकीला हे लागू पडत नाही. पण विचारायला काही लागत नाही.

छाती काढावीच लागली, तर पुढं चार वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे काहीच न बसवणं. सपाट छातीनं राहणं हाही निर्णयच आहे, त्यात कमीपणा नाही, आणि दुसऱ्या ऑपरेशनचा फेराही नाही.

दुसरी वाट बाहेरून लावायची. ब्लाऊजच्या किंवा ब्राच्या आत ठेवायचा सिलिकॉनचा कप मिळतो. कापसाचा शिवून घेता येतो, सुती दोऱ्याचा क्रोशानं विणलेलाही मिळतो. मुंबईची 'साईशा इंडिया' ही संस्था असे विणलेले कप गरजू बायकांना मोफत देते. आपल्या बचत गटांमध्ये क्रोशावर रुमाल विणणाऱ्या बायका थोड्या नाहीत. हे काम आपल्या तालुक्यातही उभं राहू शकतं.

तिसरी वाट स्वतःच्याच मांसाची. पाठीचा किंवा पोटाचा भाग वळवून छाती घडवतात. यात परकी वस्तू शरीरात राहत नाही. कालांतरानं बदलायची गरज नाही. पण ऑपरेशन लांबतं, शरीरावर दुसरी जखम होते, आणि पाठीचा किंवा पोटाचा जोर काही जणींचा कमी होतो. खुरपणाऱ्या, चाऱ्याचे भारे उचलणाऱ्या, धार काढणाऱ्या बाईनं हे डॉक्टरांना उघड सांगायला हवं : "मला हे-हे काम करावं लागतं, त्यानंतर ते जमेल का?" शहरातल्या डॉक्टरांच्या ते आपोआप ध्यानात येईलच असं नाही.

चौथी वाट इम्प्लांटची. कधी ते एकाच ऑपरेशनात बसवतात. कधी आधी कातडीखाली रिकामी पिशवी ठेवून, काही आठवडे तिच्यात थोडं थोडं सलाईन भरत कातडी सैल करतात आणि मग इम्प्लांट बसवतात. ऑपरेशन लहान, पाठ-पोट शाबूत, हा याचा फायदा. तोटे आता सांगते, कारण तेच सांगायचे राहून जातात.

कोणी सांगत नाही, म्हणून

इम्प्लांट जन्मभराचं नसतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०११ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, कॅन्सरनंतर इम्प्लांट बसवलेल्या बायकांपैकी दहा वर्षांत दोघींत एकीला ते काढावं लागू शकतं. हौसेनं बसवलेल्यांत पाचजणींत एकीला. म्हणजे आज एका ऑपरेशनचा खर्च धरताना दुसऱ्याचाही धरायला हवा.

भोवतीचा पापुद्रा कधी आवळत जातो. छाती दगडासारखी टणक होते, आकार बिघडतो, दुखतं. छातीवर शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या बायकांमध्ये हे जास्त होतं. तुम्हाला शेक द्यावा लागणार आहे का, हे इम्प्लांट ठरवण्याच्या आधी विचारा.

कवच फाटू शकतं. सलाईनचं फाटलं तर छाती बसते, लगेच कळतं. सिलिकॉनचा जेल घट्ट असल्यानं फाटलेलं कित्येकदा बाहेरून समजतच नाही. म्हणून सिलिकॉन इम्प्लांट असेल, तर त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिल्यांदा आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, असा एफडीएचा सल्ला आहे. हा खर्चही हिशेबात धरा.

जंतुसंसर्ग होऊ शकतो, पाणी साचू शकतं, जखम भरायला वेळ लागू शकतो. इथं आपल्या घरातली एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याकडं कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात, कुणी तिला मशेरी म्हणतं. ती जाळलेली तंबाखूच आहे. तंबाखूनं रक्तपुरवठा आखडतो, टाके भरत नाहीत, कातडी काळी पडून मरू शकते. डॉक्टर विचारतात, 'सिगारेट ओढता का?', आणि बाई खरंच सांगते, 'नाही'. मिश्रीचं कुणी विचारत नाही, बाईही बोलत नाही. तुम्ही बोला. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किती दिवस बंद ठेवायची, ते विचारून घ्या. साखरेचा आजार असेल तर तोही लपवू नका.

काही बायकांना इम्प्लांटनंतर सततचा थकवा, सांधेदुखी, अंगावर पुरळ, विसराळूपणा असे त्रास होतात. त्यांचं नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही. पण त्रास खरा असतो, आणि इम्प्लांट काढल्यावर काही जणींना बरं वाटतं. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं म्हणून तिला गप्प बसवू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये एफडीएनं पापुद्र्यात आढळलेल्या आणखी काही विरळ कॅन्सरांबद्दल सावधगिरीची सूचना दिली. म्हणून इम्प्लांट गुळगुळीत आहे, एवढ्यावरच निर्धास्त राहू नये.

खालीलपैकी काहीही झालं तर वाट पाहू नका : ऑपरेशनला वर्ष उलटल्यानंतर एका बाजूला अचानक सूज, छातीत किंवा काखेत गाठ, आकारात एकदम फरक, कातडीवर लाली, पुरळ किंवा घट्टपणा, न थांबणारं दुखणं, ताप. दुखत नाही, म्हणून बरं आहे असं समजू नका. माझ्या जाऊबाईंचंही दुखत नव्हतं. सूज असेल तर सोनोग्राफी करून आतलं पाणी सुईनं काढतात आणि ते तपासायला पाठवतात. त्या पाण्याची 'सीडी-३०' ही, लिम्फोमा ओळखायची तपासणी होणार आहे का, हे आवर्जून विचारा. मॅमोग्राफीला जाल तेव्हा आत इम्प्लांट आहे हे टेक्निशियनला आधी सांगा, कारण वेगळ्या बाजूनं जादा फोटो घ्यावे लागतात.

हौसेनं करायचं असेल तर

हौस करणाऱ्या पोरींना मी नावं ठेवणार नाही. आरशात स्वतःला कसं पाहायचं, हा ज्याचा त्याचा अधिकार. पण लग्न जमत नाही, नवरा बोलतो, सासू टोमणे मारते, म्हणून सुरीखाली जाऊ नका. अमेरिकेत हौसेच्या सिलिकॉन इम्प्लांटला किमान वय २२ ठरवलेलं आहे, सलाईनला १८. त्यामागं काही विचार आहे. पुढं बाळाला अंगावर पाजताना अडचण येऊ शकते, स्पर्शाची जाणीव कमी होऊ शकते, हेही आधी कळायला हवं.

छाती वाढवण्याचं तेल, मलम, गोळ्या, पंप यांच्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाईलपर्यंत सगळीकडं दिसतात. स्त्रीच्या छातीचा आकार आणि घडण बदलण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानं गुन्हा आहे. अशी जाहिरात दिसली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या मोफत क्रमांकावर कळवा. आणि कुणी, कुठल्याही पार्लरमध्ये, पातळ सिलिकॉन किंवा जेल इंजेक्शननं छातीत भरून देतो म्हणाला, तर तिथून उठून या. तसलं सिलिकॉन शरीरात पसरतं, गाठी होतात, फुप्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो, आणि ते पुरतं बाहेर काढता येत नाही. हे मी आपल्या तृतीयपंथी भगिनींनाही हात जोडून सांगते. दवाखान्यात कुचेष्टा होते म्हणून तुम्ही आडमार्गाला जाता, हे मला कळतं. पण आरोग्यसेवेचा तुमचा हक्क तुमच्यासाठीच्या २०१९ च्या कायद्यात लिहिलेला आहे. तो मागा.

सर्जन कोण आहे, ते पाहा. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. केलेला डॉक्टरच हे काम शिकलेला असतो. पाटीवर 'कॉस्मेटिक' लिहिलं म्हणजे ती पदवी झाली असं नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा.

सही करण्याआधीचे आठ प्रश्न

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं इम्प्लांटवर ठळक धोक्याची सूचना सक्तीची केली, आणि ऑपरेशनआधी रुग्ण व सर्जन दोघांनी मिळून वाचायची, सही करायची एक यादीही ठरवून दिली. आपल्या प्रत्येक हॉस्पिटलात अशी यादी मराठीत असायला हवी. ती येईपर्यंत ही कापून जवळ ठेवा.

१. छाती न काढता भागेल का?
२. काहीच बसवलं नाही तर चालेल का? नंतर करता येईल का?
३. मला शेक द्यावा लागणार का, आणि त्याचा इम्प्लांटवर काय परिणाम होईल?
४. इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, जेल की सलाईन, गुळगुळीत की खरबरीत?
५. ते भारतात वापरायला परवाना असलेलं आहे का? खोक्यावर आयात परवान्याचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव दाखवाल का?
६. पुढं कोणत्या तपासण्या, कधी, किती खर्चाच्या?
७. बिघडलं तर दुसरं ऑपरेशन कोण करणार आणि त्याचा खर्च कुणाचा?
८. कार्ड आणि स्टिकर डिस्चार्जच्या दिवशीच माझ्या हातात मिळेल ना?

हे विचारणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास नव्हे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की उपचार काय, त्याचे धोके काय, दुसरे पर्याय काय, हे रुग्णाला समजेल असं सांगून घेतलेली संमतीच खरी संमती. रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यायला हवं. २०२१ मध्ये बदललेल्या महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे. अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या.

विमा असेल, तर 'कॉस्मेटिक'च्या नावाखाली दावा नाकारला जातो का, यावर लक्ष ठेवा. कॅन्सर, अपघात किंवा भाजल्यानंतरची पुनर्रचना ही त्या अटीतून वगळलेली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या ऑपरेशनचा कोणता भाग बसतो, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ वर आधीच विचारून घ्या. इम्प्लांटचा त्रास झाला, तर त्याची नोंद देशाच्या मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या, कार्यक्रमाकडे करता येते. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो. मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरनंच कळवावं लागतं असं नाही, रुग्णही कळवू शकतो. आपण कळवलं नाही, तर सरकारी हिशेबात आपला त्रास झालेलाच नसतो.

बाकीच्यांना विनंती

नगर, लोणी, विळद घाट, संगमनेर, श्रीरामपूरच्या डॉक्टरांनो, डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचं नाव आणि नंबर मराठीत लिहा, स्टिकर रुग्णाच्या फाईलमध्येही लावा, आणि तीन वर्षं झाली म्हणून हे रजिस्टर रद्दीत टाकू नका. लोणी आणि विळद घाटच्या मेडिकल कॉलेजांनो, जिल्ह्यातल्या इम्प्लांटच्या नोंदीचं एक रजिस्टर तुम्ही उघडलंत तर फार मोठं काम होईल. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शीला जमलं ते आपल्याला अवघड नाही.

आशाताईंनो, बचत गटांच्या अध्यक्षांनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. 'बायकांना यातलं काय कळणार' असं कुणी म्हणालं, तर त्याला जामखेडला पाठवा. १९७० मध्ये तिथं काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ज्यांच्या हाती आरोग्य सोपवलं, त्यातल्या कितीतरी बायकांना अक्षरओळखही नव्हती. त्यांनी बाळंतपणं केली, गावं बदलली, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लॉट नंबर कुठं लिहिलेला असतो, हे समजायला त्याहून जास्त शिक्षण लागत नाही.

दादांनो, तुम्हाला एकच सांगणं. डॉक्टरांच्या खोलीत बाईच्या वतीनं तुम्ही उत्तर देऊ नका. तिला बोलू द्या, तुम्ही लिहून घ्या.

आणि ताई, तू. छाती हा शब्द उच्चारायला लाजायचं, गाठ लपवायची, सूज अंगावर काढायची, असंच आपल्याला शिकवलं गेलं. माझ्या जाऊबाई आता वेगळं वागतात. ते पिवळं स्टिकर त्यांनी लॅमिनेट करून घेतलंय. घरात कुणी आलं की पिशवीतून काढून दाखवतात आणि विचारतात, "तुझं कुठंय?"

तुमचं कुठंय? आज रात्रीच पाहा.

आपली,
नगरची एक जाऊबाई